घराचा होकार

३ जून, सोमवार

पोचले एकदाची! अंबाजोगाईहून निघाल्याला आज तिसरा दिवस. चेन्नईपासूनची गाडी रात्रीची होती. समोरच्या बर्थवरचे आजोबा असे घोरत होते की डॉक्टर म्हणून त्यांचा घसा तपासावासा वाटत होता आणि माणूस म्हणून तोंडावर उशी ठेवावीशी वाटत होती. दोन्ही केलं नाही. तंजावूर स्टेशनवर डॉक्टर तुळजाराम स्वतः घ्यायला आले होते. माझ्या हातातली लोणच्याची बरणी बघून त्यांनी मला लांबूनच ओळखलं म्हणे.

त्यांचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत आहे. मी मनात काहीतरी पडकं, अंधारं धरून चालले होते. निघालं दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलेलं, पांढऱ्या फरशीचं दुमजली घर, एसी आणि इन्व्हर्टरसकट. खाली पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागे ही मंडळी राहतात आणि वर गच्चीशेजारची खोली माझी. राहणं-जेवण फुकट. जाहिरातीत ‘मराठी बोलणारी, घरात राहू शकणारी दंतवैद्य हवी’ असं होतं. तमिळनाडूतल्या दवाखान्याला मराठी कशाला लागते म्हणून आई महिनाभर संशय घेत होती. आता तिला कळवायला हवं की या गल्ल्यांमधली कितीतरी घरं मराठीच आहेत, इथल्या मराठा राजांच्या वेळेपासूनची. वाचायला मात्र तमिळ आणि इंग्रजी. माझ्या वहीतलं देवनागरी बघून ही अक्षरं तारेवर वाळत घातल्यासारखी दिसतात, असं डॉक्टर म्हणाले.

घरात माणसं तीनच. डॉक्टर, ज्यांना मी आजपासून काका म्हणणार आहे. त्यांच्या थोरल्या बहीण हिराबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. लग्न केलं नाही, पापनाशमच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या, वय अठ्ठ्याहत्तर. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून गच्चीवर फेऱ्या मारतात. आणि काकांची सून हरिप्रिया, माझ्याच वयाची. तिचा नवरा मुरलीकृष्ण जहाजावर असतो, वर्षातून एकदा येतो. ती फार बोलत नाही आणि बोलते तेही तमिळमध्ये, तोंडावर ओढणी धरून.

अक्कांनी कॉफीबरोबर मुरुक्कू, म्हणजे इथली चकली, दिला आणि स्वतः कडाकड फोडून खाल्ला. मी धंद्याची सवय म्हणून त्यांचे दात बघितलेच. या वयात सगळे स्वतःचे! रंग सारखा नाही, कुठे पिवळे कुठे पांढरे, पण भक्कम. खाली डावीकडे एक जागा रिकामी आहे तेवढीच. मला हे घर आवडलं.

६ जून, गुरुवार

दवाखाना स्वच्छ आहे, खुर्ची नवी आहे, छोटं एक्स-रे मशीन आहे. समोरच्या टेबलावर नोंदी बघत बसणाऱ्या राजममावशी वीस वर्षं इथे आहेत आणि कुठल्या पेशंटला कोणतं औषध सोसत नाही ते त्यांना तोंडपाठ आहे. पण नोंदी! नोंदी बघून मी कपाळाला हात लावला.

इथे फाईल माणसाची नसते. घराची असते. कपाटात जाड खाकी पाकिटं, प्रत्येकावर घराचं नाव. आत सगळ्यांचे दात एकत्र. ‘खालची दाढ काढली’, एवढंच. कोणाची? मी राजममावशींना विचारलं. त्यांनी पाकिटावरचं घराचं नाव वाचून दाखवलं. मी म्हटलं घराला दाढा नसतात. त्यावर त्या हसल्या आणि त्यांनी चहा मागवला.

संमतीचंही तेच. आज एक बँकेतला माणूस आला, वय पंचेचाळीस, गाल सुजून टम्म. काकांनी त्याला काहीच विचारलं नाही. बरोबर आलेल्या त्याच्या आत्याला विचारलं, मोठ्या आवाजात, मराठीत. आत्या म्हणाली, होय. झालं. दाढ निघाली त्याची आणि होकार आत्याचा. तो बिचारा मुकाट्याने आ करून बसला होता, आणि निघताना तो आत्याच्याच पाया पडला. आमच्या कॉलेजात असं कोणी केलं असतं तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं.

१२ जून, बुधवार

तीन दिवस भांडले आणि जिंकले!

काका चिडले नाहीत, शांतपणे ऐकून घेतलं. हलगर्जी माणूस नाही तो. होकाराशिवाय त्यांनी आयुष्यात एका दाताला हात लावलेला नाही, असं राजममावशी सांगतात. एकदा घरातलं थोरलं माणूस लग्नाला गेलं होतं म्हणून कळवळणाऱ्या पेशंटला गोळी देऊन परत पाठवलं होतं. माझं म्हणणं एवढंच की तोंड ज्याचं, होकार त्याचा. काकांनी विचारलं की तोंड कोणाचं असतं, खातं कोणाच्या घरचं? मी म्हटलं, काका, हे कोर्टात चालणार नाही.

अक्का माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. जन्म कचेरीत गेलेला, त्यांना वेगवेगळ्या नोंदी हव्यातच. प्रत्येक माणसाची वेगळी पाटी, नाव, वय, घराशी नातं, संमती कोणाची, सगळं नीट पाहिजे, असं त्यांनी काकांना ठणकावलं. मग मी टॅबवर नवीन सॉफ्टवेअर लावलं आणि जेवणानंतर सगळ्यांना शिकायला बसवलं.

नमुना म्हणून कोणाची तरी नोंद भरायला हवी होती. खऱ्या पेशंटची माहिती अशी खेळायला घेणं मला पटेना, म्हणून माझीच भरली. बत्तीस दात, एका दाढेत चांदी. नात्याचा रकाना आला तेव्हा अक्का म्हणाल्या, ‘लेक म्हणून लिव. आमच्या घरीं जेवत्येस की.’ मीही लाडात येऊन लिहिलं, मुलगी. संमती देणारी व्यक्ती: हिराबाई. राजममावशींना सगळी पद्धत दिसावी म्हणून मी काकांना त्यांच्या जुन्या रीतीने विचारायलाही लावलं. त्यांनी अक्कांना विचारलं, या मुलीसाठी तुम्ही होय म्हणता? अक्का म्हणाल्या, होय. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुझ्या वतीने यांनी होय म्हटलेलं तुला चालेल? मी म्हटलं, हो हो, चालेल की!

राजममावशींनी टाळ्या वाजवल्या. हरिप्रिया उठून आत गेली. बहुतेक कंटाळली असावी.

२३ जून, रविवार

आज हरिप्रियाबरोबर तिरुवैयारूला गेले. नदीच्या घाटावर बसलो, एका घरातून मुली गाणं घोकत होत्या ते ऐकलं. मी दोन प्लेट भजी खाल्ली, तिने डब्यातला दहीभात, तोही बोटांनी अगदी मऊ कालवून. मी चेष्टा केली की दंतवैद्याच्या घरची सून आणि चावायला घाबरतेस? ती हसली नाही. नंतर तिने एकदम इंग्रजीत विचारलं, तुझे सगळे दात तुझेच आहेत ना? मी म्हटलं, आईने दिलेले आहेत, हप्ते बाकी नाहीत. तिने डब्याचं झाकण लावलं आणि उठली.

दवाखान्यात सत्तरेक माणसांच्या नोंदी वेगळ्या झाल्या. आईला रोज संध्याकाळी फोन करते. ती म्हणते आवाजावरून अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटतंय.

२५ जून, मंगळवार

काहीतरी विचित्र झालंय. नीट लिहून ठेवते.

इथे दुपारी दवाखाना बंद असतो आणि सगळं घर झोपतं. मीही झोपले. उठले तेव्हा जीभ सहज डावीकडे गेली आणि खाली पोकळी लागली. खालची डावी पहिली दाढ नाही. दुखत नाही, रक्त नाही, उशीवर काही नाही. आरशात पाहिलं. हिरडी गुलाबी, सपाट, भरलेली. काल रात्री याच दाढेने मी भाजलेले शेंगदाणे खाल्लेत.

खाली जाऊन राजममावशींकडून एक्स-रे काढून घेतला. हाड पूर्ण भरून आलंय. दात काढल्यावर असं व्हायला महिनेच्या महिने लागतात. पेशंटचा असता तर मी बिनधास्त सांगितलं असतं की दोन-तीन वर्षांपूर्वी काढलेली दाढ आहे.

टॅबवर माझी नोंद उघडली. त्या दाढेपुढे लिहिलंय, काढली. संमती: हिराबाई. नातं बरोबर, तारीख आजची. मी भरलेली नाही.

काकांना विचारलं. त्यांनी नोंद वाचली, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले की दोन्ही जुळतंय, मग अडचण काय आहे?

२६ जून, बुधवार

माझं डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला निकहतला फोन केला. ती माझी कॉलेजातली, एकाच खोलीत राहणारी मैत्रीण. त्या दाढेत चांदी तिनेच भरली होती, परीक्षेच्या आधी सराव म्हणून, आणि हात घसरून कडेला अशी वाकडी खाच पाडली होती की आम्ही वर्षभर हसत होतो. मी विचारलं, माझी ती दाढ कधी काढली गं? ती म्हणाली, वेडी आहेस का, एप्रिलमध्ये माझ्या लग्नात त्या दाढेचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकलास की.

फोटो शोधला. आहे. दाढ आहे, खाच आहे.

मला भीती वाटते आहे. लिहायला लाज वाटते पण वाटते आहे.

४ जुलै, गुरुवार

आणखी दोन गेल्या. दोन्ही दुपारीच. दुपारी झोपायचं नाही असं ठरवलं होतं, खुर्चीत ताठ बसून होते, तरी दुसरी गेली. झोपेचा संबंध नाही. बसल्याबसल्या जिभेला जागा रिकामी लागली, बस. नोंद तयार होती.

आज सकाळी काका पापनाशमला गेले होते. अक्का दवाखान्यात आल्या, खाली डावीकडे अन्न अडकतंय म्हणाल्या. खुर्चीत बसवलं. दिवा लावला, आरसा घातला.

खाली डावीकडे, जिथे त्यांची जागा रिकामी होती, तिथे दाढ आहे. दाढेत चांदी आहे. कडेला निकहतची खाच आहे.

मी आरसा बाहेर काढला नाही. आणखी मागे सरकवला. मागे त्यांच्या जुन्या पिवळ्या दाढा होत्या, त्या जागी आलेल्या माझ्या दोन दाढाही ओळखल्या. स्वतःचे दात माणूस रोज घासतो, त्याला कळतात. त्यांच्या शेजारचे पिवळे दात आणखी कोणाचे असतील ते मनात आलं. अक्का आ करून शांतपणे माझ्याकडे बघत होत्या. मी हात काढल्यावर त्यांनी चूळ भरली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘भ्यालीस कां? घरचंच घरांत आहे.’

५ जुलै, शुक्रवार

काकांना सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. मला वाटलं होतं ते ओरडतील, मला वेडी ठरवतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि एखाद्या नवीन पेशंटला समजावतात तसं समजावलं.

त्यांच्या घरात असंच चालत आलंय. घराचं तोंड एक, ते थोरल्याचं. त्या तोंडाला जे लागेल ते घराने द्यायचं. मात्र जबरदस्ती कधीच नाही. वडील म्हणायचे, होकार नसेल तर ते पाप. म्हणून आधी विचारतात, मगच. मला विचारलं होतं. चारचौघांसमोर, माझ्या भाषेत, पूर्ण शुद्धीत मी हो म्हटलं होतं. एवढी रीतसर संमती या घरात आधी कोणाचीच घेतली नव्हती, असं ते अगदी कौतुकाने म्हणाले.

मी म्हटलं, मी ती मागे घेते. आत्ता.

ते म्हणाले, घे. केव्हाही घेता येते. अक्का आत्ता जप करतायत, त्यांचं झालं की त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडाने नाही म्हण, एवढंच लागतं.

मी थांबले नाही. पिशवी भरली आणि निघाले. मूर्खासारखी निघाले. म्हणायला हवं होतं.

७ जुलै, रविवार. तिरुची

लॉजवर आहे. इथल्या एका दंतवैद्याला दाखवलं. चांगला माणूस. एक्स-रे बघून म्हणाला, जुनी कामं आहेत, स्वच्छ केलेली. मी सगळं सांगितलं. त्याने काकांच्या दवाखान्यात फोन लावला आणि माझी सगळी नोंद पाच मिनिटांत त्याच्या मेलवर आली. तारखा, कारणं, संमती, साक्षीदार राजम. तो म्हणाला, इतकं व्यवस्थित रेकॉर्ड मी बघितलेलं नाही. मग हळू आवाजात विचारलं की मी झोपेच्या गोळ्या वगैरे घेते का.

मीच त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. माझं तोंड आणि माझी नोंद जुळते. फक्त मी जुळत नाही. पोलिसांकडे काय घेऊन जाऊ?

संध्याकाळी त्याच्याच जिन्यावरून उतरताना वरचा सुळा गेला. म्हणजे लांब जाऊन उपयोग नाही.

९ जुलै, मंगळवार

परत आले. यावंच लागलं. नाही म्हणायचं तर त्यांच्यासमोर म्हणायचं आहे आणि ते लवकर म्हणायला हवं, माझं बोलणं आता बोबडं व्हायला लागलंय. अक्का घरी नाहीत. नातेवाइकांकडे गेल्यात, शनिवारी येतील. मुद्दाम गेल्या असतील.

मागच्या अंगणात नळावर हरिप्रिया दिसली. तिने कवळी काढून धुवायला घेतली होती. वरची आणि खालची. ओढणी नव्हती. गाल आत गेलेले, म्हातारीसारखे.

तिने लपवलं नाही. मला कळेल अशा सोप्या तमिळमध्ये, मध्येमध्ये इंग्रजीत, तुटक तुटक सांगितलं. लग्न झाल्या वर्षीच तिला विचारलं होतं आणि नवी नवरी काय म्हणणार, ती हो म्हणाली होती. दात संपले. मग मराठी गेली. लहानपणापासून आईशी बोलायची ती मराठी आता जिभेवर येत नाही, अक्का बोलतात ती तिचीच आहे. आणखी काही मागायच्या आत दुसरं कोणी यायला हवं होतं. अक्कांना होकार मराठीतलाच कळतो. जाहिरात तिने लिहिली होती.

मी तिला मारायला हात उचलला. तिने गाल पुढे केला. मग मला मारता आलं नाही.

११ जुलै, गुरुवार

पुढचे चार. आज एकदम चार.

‘त’ म्हणता येत नाही. ‘स’ची नुसती हवा जाते. आरशासमोर बसून एकच शब्द घोकते आहे. नाही. नाही. नाही. याला दात लागत नाहीत. नाक आणि श्वास पुरतो. हा मला येणारच.

१३ जुलै, शनिवार

अक्का आल्या. रिक्षातून उतरताना मला बघून हाक मारली, ‘काय करायलीस गं?’

करायलीस. हे इथलं नाही. हे आमच्याकडचं आहे, माझ्या आईचं, माझं आहे. आवाजही. थोडा जाड, पण माझा.

मी थेट समोर गेले. काका होते, राजममावशी होत्या, हरिप्रिया दारात होती. काकांनी रीतसर विचारलं. मोठ्याने. योगिनी, तू आपला होकार मागे घेतेस?

मी तोंड उघडलं. पूर्ण जोर लावला. वारा निघाला. नुसता वारा, फुंकर मारल्यासारखा.

आणि अक्का माझ्या आवाजात म्हणाल्या, नाही.

काकांनी मान हलवली. मागे घेत नाही, असं राजममावशींनी टॅबवर भरलं. राजममावशी रडत होत्या. रडतरडत भरलं.

१६ जुलै, मंगळवार

आई रोज फोन करते. मी उचलत नव्हते. आज उचलला. आई गं, मला घेऊन जा, म्हटलं. निदान तसं म्हणायला गेले. तिकडून आई म्हणाली, कोण बोलतंय, मावशी, तुमचं कळत नाही, जरा योगिनीला द्या ना.

अक्का मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

अर्धा तास बोलल्या. शेजारच्या कुसुमकाकूंचं विचारलं. आईच्या गुडघ्याचं विचारलं. बाबा गेले त्या दिवसाचंही बोलल्या. ते मी कधी कोणाला — आई रडली, मग हसली. मला तिचं हसणं ऐकू येत होतं. किती दिवसांनी तुझा आवाज असा मोकळा लागला, म्हणाली.

मग अक्का म्हणाल्या, आई, तू इकडेच ये ना. एकटी काय करायलीस तिथे. इथे सगळी आपलीच आहेत.

फोन ठेवल्यावर अक्कांनी काकांना सांगितलं की आपले वरचे पुढचे दोन अजून हलतायत. योगिनीचे तसे उपयोगाचे राहिले नाहीत.

काकांनी टॅब उघडून नवीन पान काढलं. नातं: आई.

१७ जुलै

आईला मेसेज पाठवला. येऊ नकोस. फोनवर मी नव्हते. येऊ नकोस.

तिने लगेच फोन केला. खात्री करायला. मीच तिला शिकवलंय, हल्ली कोणीही कोणाच्या नावाने मेसेज पाठवतं, आवाज ऐकल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. अक्कांनी माझ्या हातातून घेऊन उचलला. हसल्या. कोणीतरी माझा नंबर चोरला गं, म्हणाल्या.

आता फोन त्यांच्याकडे आहे.

१८ जुलै

निकहतचा पत्ता आठवला. चिठ्ठी लिहून हरिप्रियाकडे दिली, पोस्टात टाक म्हणून खुणेने सांगितलं. तिने घेतली. संध्याकाळी ती चिठ्ठी अक्कांच्या उशाशी दिसली. हरिप्रियाला दोष — तिलाही राहायचंच आहे इथे — नाही, आहे दोष. आहे.

आई निघाली. अक्का तिच्याशी प्रत्येक स्टेशनवर बोलतायत.

२० जुलै

आज येईल. जिन्याचं दार बाहेरून लावलंय. मी गच्चीवरून बघते आहे. हाक मारता येत नाही. ही वही तिच्यासमोर फेकेन. या घरात कोणाला देवनागरी वाचता येत नाही, तिला येतं. मोठ्या अक्षरात लिहिते.

आई. हे वाच आणि इथूनच परत फीर. मी वर आहे, मला बघायला थांबू नकोस. आत जाऊ नकोस. ते तुला विचारतील. गोड बोलून विचारतील, माझ्याच आवाजात विचारतील. काहीही विचारलं तरी हो म्हणू नकोस. पाणी देऊ का, पंखा लावू का, लेकीजवळ राहणार ना —

रिक्षा. निळी साडी. आई थकलीय किती — वर बघ आई, वर —

फाटकातच अक्का — पिशवी घेतली तिची — काका विचारतायत, मोठ्याने —

आई हो म्हणू न